साहेबांची पेटी

पेटी डिकीत जाईना. साहेबांनी ती तिरकी धरून पाहिली, आडवी घालून पाहिली, शेवटी गुडघा लावून दाबूनही पाहिली. पण उजवीकडचा पितळी कोपरा अडायचा तो अडलाच.

साहेब म्हणजे कुणी अधिकारी नव्हेत, पेट्या करणारे कारागीर. जुन्या इंग्रजी गाड्यांचं वेड आणि दारात तशीच एक हिरवी मॉरिस, म्हणून गल्लीनं त्यांना साहेब करून टाकलं होतं. हौशी लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि गाडीला शोभतील अशा जुन्या थाटाच्या, पट्टे-बकलांच्या चामडी पेट्या करून न्यायचे. साहेबांची रीत ठरलेली. आधी पुठ्ठ्याची खोटी पेटी करायची, ती डिकीत बसवून बघायची, मगच चामड्याला कात्री लावायची. त्यामुळे आजवर एकही पेटी परत आली नव्हती, आणि ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

या पेटीला मात्र त्यांनी पुठ्ठा लावला नव्हता. स्वतःच्या गाडीला कसला पुठ्ठा? तिची नस न् नस त्यांना ठाऊक होती.

पेटी जीव ओतून केली होती, त्याला कारण होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की उजव्या बाजूची नजर गेली आहे, ती परत यायची नाही, तेव्हा गाडी चालवणं बंद. साहेबांनी मान डोलावली आणि घरी येऊन चकार शब्द काढला नाही. जुन्या गाड्यांचा मेळावा तोंडावर आला होता. दरवर्षी बायकोला शेजारी बसवून ते ऐटीत तिकडे जात. एवढा मेळावा करू, नवी पेटी मिरवू, मग किल्ली खुंटीला टांगू, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

हात पुसत बायको बाहेर आली. तिनं उभी हयात शाळेची गाडी चालवली होती, गल्लीतली पोरं सुखरूप पोचवली होती. पण मॉरिसच्या स्टिअरिंगला साहेबांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. गाडी नाजूक आहे, म्हणायचे. आणि मी कोण, दगड? असं ती विचारायची, नि विषय तिथंच मिटायचा.

तिनं डिकीत डोकावलं.

"अहो, इथं झाकणाची दांडी आहे की. ती धरलीच नाहीत मापात?"

साहेबांनी मान पुरती उजवीकडे वळवली, तेव्हा कुठे दांडी दिसली. काळी, अंगठ्याएवढी जाड, गाडीच्या जन्मापासून तिथंच असलेली. साहेब मटकन पायरीवर बसले. पेटी चुकल्याचं वाईट वाटलंच, पण ते हादरले दुसऱ्याच विचारानं. दांडीच्या जागी रस्त्यात एखादा सायकलवाला असता तर?

"अगं, तुला एक सांगायचं राहिलंय."

"डोळ्यांचं ना?" ती शेजारी टेकली. "रोज त्या उजव्या खांद्याला तेल चोळते ते काय हौसेनं? घरातली एक चौकट धडकायची सोडली नाहीत तुम्ही. आपण होऊन सांगाल म्हणून थांबले होते."

"आणि तसाच गाडीत बसलो असतो तर?"

"बसू दिलं नसतं."

साहेबांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. क्लच हळू सोडायचा, दुसरा गिअर जरा मानी आहे, हेही बजावलं. तिनं ते पोरासारखं ऐकून घेतलं आणि गाडी अशी अलगद बाहेर काढली, की साहेबांना जरा लागलंच. अभिमानही वाटला, पण तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

मेळाव्याला निघालेल्या आपल्याच गाडीत ते पहिल्यांदा डाव्या सीटवर बसले होते. डिकीत न मावलेली पेटी मांडीवर होती. गल्लीतले लोक हात करत होते आणि साहेब नेहमीसारखी मान तुकवत होते.

कोपऱ्यावर तिनं गाडी थांबवली.

"उजवीकडचं मी बघते. डावीकडचं तुम्ही सांगा."

साहेबांनी पेटीवर दोन्ही हात ठेवले, ताठ बसले आणि रस्ता पार टोकापर्यंत नीट न्याहाळला.

"मोकळं आहे," ते म्हणाले. "घे."