तिसऱ्या शिट्टीनंतरचा हात

तुमच्या घरी डाळीला किती शिट्ट्या लागतात?

उगाच विचारत नाही. या एका आकड्यापायी मी आणि माझ्या मालकीणबाई, दोघीही मोठ्या पेचात सापडलो होतो. मी कुकरची शिट्टी नाही, हे आधीच सांगते. मी पंचांची शिट्टी. काळी, प्लास्टिकची, पोटात गोटी नसलेली. कुकरशी माझी ओळख उशिरा झाली आणि झाली नसती तर बरं झालं असतं, असं मला बरेच दिवस वाटायचं.

माझा जन्म एका साच्यात झाला. एका खेपेला आम्ही चोवीस बहिणी जन्मलो. जन्मल्याबरोबर आम्हाला एकेकदा वाजवून पाहिलं, पण ते यंत्राने. यंत्राची फुंकर कोरडी असते, तिला आपण वाजणं म्हणत नाही. मग पुठ्ठ्यावर चिकटवून माझी रवानगी सिंगापूरला झाली आणि क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या ब्लॉकखालच्या खेळाच्या दुकानात मी पोहण्याच्या चष्म्यांशेजारी लटकले.

तिथे चौदा महिने गेले. तेवढ्या काळात माणसांची एक सवय माझ्या ध्यानात आली. शिट्टी नुसती पाहिली तरी माणूस ओठांचा चंबू करतो. सुटाबुटातले साहेब, काठी टेकत आलेल्या आजीबाई, सगळे माझ्यासमोर उभे राहून चंबू करायचे आणि चष्मा घेऊन निघून जायचे.

एका मंगळवारी दुपारी नीलिमाताई आल्या. वय अठ्ठेचाळीस, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी. त्यांनीही चंबू केला, पण मला खाली काढलं.

दुकानदाराने विचारलं, "फॉर डॉग ऑर फॉर स्कूल?"

"फॉर मी," नीलिमाताई म्हणाल्या.

त्या मूळच्या साताऱ्याच्या. यजमान मुकुल रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आहेत. मुलगी मैत्रेयी पंधरा वर्षांची, शाळेकडून बास्केटबॉलच्या जातीचा नेटबॉल खेळते. पुंगोलला बाराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. मुलीच्या सामन्यांना सहा वर्षं बाकावर बसून बसून नीलिमाताईंना नेटबॉलचा एकूण एक नियम पाठ झाला होता. कुणाचं पाऊल चुकलं, कुणी अंगाला अंग लावलं, हे त्यांना पंचांच्या आधी दिसायचं. शेवटी शालेय सामन्यांसाठी पंच म्हणून नाव नोंदवायचं त्यांनी ठरवलं.

नोंदणीचा अर्ज त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून भरला. मी शेजारी लोणच्याच्या बरणीला टेकून होते. या देशात सोळा वर्षांत त्यांनी पुष्कळ अर्ज भरले होते, पण ते सगळे कुणाची तरी बायको किंवा कुणाची तरी आई म्हणून. हा अर्ज फक्त त्यांच्याबद्दल विचारत होता. म्हणून त्यांनी तो फार मनापासून भरला. 'आपले कुणी नातेवाईक या स्पर्धांत खेळतात का' या प्रश्नाला त्यांनी अकरा ओळींचं उत्तर लिहिलं. मुलगी खेळते, पण मी तिची बाजू घेणार नाही, घरीसुद्धा घेत नाही, तिच्या बाबांना विचारावं, असं सगळं.

मैत्रेयीने मागून वाचलं. इथल्या मुलांसारखं तिच्याही वाक्याला शेवटी 'लाह' लागतं. "आई, दे ओन्ली वॉन्ट येस ऑर नो, लाह."

"नुसतं येस लिहिलं तर त्यांचा गैरसमज होईल."

"नाही होणार. आणि प्लीज, माझ्या स्कूलला येऊ नकोस पंच म्हणून."

"ते सातव्या ओळीत लिहिलंय बघ."

अर्ज स्वीकारला गेला. नियमांची लेखी परीक्षाही नीलिमाताई पास झाल्या. आता उरली प्रत्यक्ष सामन्यातली परीक्षा. परीक्षकांसमोर एक पूर्ण सामना चालवायचा. त्यात नापास झालं तर दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. नीलिमाताई म्हणाल्या, "दोन वर्षांनी मी पन्नाशीची होईन. गुडघे काय म्हणतील, सांगता येत नाही. व्हायचं तर आत्ताच."

सराव सुरू झाला. बाराव्या मजल्यावर शिट्टी कुठे वाजवणार? स्वयंपाकघराला दार होतं, ते लावून घेता यायचं. तिथेच माझी आणि कुकरची गाठ पडली.

कुकर पाच लिटरचा, साताऱ्याहून आलेला, घरात मैत्रेयीपेक्षा जुना. त्याचा दरारा काय सांगू. तो वाजला की घरातली माणसं हातातलं काम सोडून आकडा म्हणत. "एक झाली." "दोन झाल्या." मी घसा फोडून वाजले तरी कुणी मान वर करत नसे. पहिले दोन दिवस मला त्याचा फार हेवा वाटला. तिसऱ्या दिवसापासून लोक मलाही मोजू लागले आणि घोटाळा झाला.

मुकुलराव आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतात. बँकेला पुढे कुठे धोका आहे ते आधी ओळखणं, हे त्यांचं काम. त्यांनी बाहेरून तीन शिट्ट्या मोजल्या, मीटिंग मध्येच सोडून आत आले आणि गॅस बंद करून गेले. त्या तीनपैकी दोन माझ्या होत्या. नीलिमाताई त्या वेळी खिडकीकडे तोंड करून, काल्पनिक मैदानावर कुणाचं तरी पाऊल पकडत होत्या. त्यांना कळलंच नाही.

दुपारी डाळ ताटात टणटण वाजली.

"अहो, ती मी होते," नीलिमाताई म्हणाल्या.

"मग आधी सांगत जा ना, की ही तू आहेस."

"वाजवायच्या आधी कसं सांगू?"

"हात वर करत जा."

"दार बंद असतं. तुम्हाला हात कसा दिसेल?"

मुकुलराव विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला एक तक्ता लावला. पहिल्या रकान्यात कुकर, दुसऱ्यात नीलिमा, प्रत्येक शिट्टीला एक काडी. त्या दिवशी शंका नको म्हणून कुणीच गॅस बंद केला नाही आणि डाळ करपली.

मैत्रेयी म्हणाली, "बाबा, युअर सिस्टिम कॅनॉट, लाह."

समोरच्या मिसेस लिम यांनी लिफ्टपाशी नीलिमाताईंना गाठलं. "एव्हरी डे कुक सो मच, आह? हू इज कमिंग?" कोणी येत नाही, असं नीलिमाताईंनी खरं ते सांगितलं. मिसेस लिम यांना ते पटलं नाही. संध्याकाळी त्या रिकामा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. नीलिमाताईंनी त्यांना डबाभर डाळ दिली. ती कच्ची होती, हेही सांगितलं. मिसेस लिम दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, म्हणजे त्यांना ती तशीच आवडली असावी.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट फक्त मला दिसत होती, कारण मी नीलिमाताईंच्या ओठांत होते. मी तिसऱ्यांदा वाजले की त्यांचा उजवा हात आपोआप पुढे जायचा आणि बटण फिरवल्यासारखा वळायचा. शेगडी बंद असली तरी. ओट्यासमोर उभ्या नसल्या तरी. पंचवीस वर्षं तिसऱ्या शिट्टीला तो हात हेच करत आला होता, त्याने आता कुणाला विचारायचं? मला हे त्यांना सांगायचं होतं. पण मला एकच शब्द येतो आणि तोही दुसऱ्याने फुंकल्यावर.

परीक्षा शुक्रवारी दुपारी तीन वाजता होती, क्वीन्सटाउनकडच्या एका शाळेच्या मैदानावर. निळा संघ आणि पांढरा संघ, तेरा-चौदा वर्षांच्या मुली. मैदानाच्या अर्ध्या भागाला नीलिमाताई आणि उरलेल्या अर्ध्याला दीनानाथ नावाचे पंच. हे दीनानाथ एका कंपनीत हिशेबनीस, मराठीच, आणि पंचगिरीत बारा वर्षं मुरलेले. परीक्षक मिस टिओ. साठीच्या, डोक्यावर पांढरी टोपी, हातात पॅड.

"डोन्ट लुक ॲट मी," मिस टिओ म्हणाल्या. "आय ॲम नॉट हिअर."

"ओके मॅडम," नीलिमाताई म्हणाल्या आणि ज्या तिथे नव्हत्या त्यांना त्यांनी वाकून नमस्कार केला.

सामना सुरू झाला. पहिल्यांदा वाजले, चेंडू खेळात आला. दुसऱ्यांदा वाजले, एकीचं पाऊल चुकलं होतं. निर्णय अगदी बरोबर. तिसऱ्यांदा वाजले, एकीने दुसरीला धक्का दिला होता. नीलिमाताईंनी ऐटीत त्या मुलीकडे बोट केलं. मग त्यांचा उजवा हात पुढे गेला, त्याने हवेत एक बटण उजवीकडे फिरवलं, नंतर त्यांनी दोन्ही हातांनी अदृश्य असं काहीतरी जड उचललं आणि दोन पावलं बाजूला ठेवून दिलं.

मुली थांबल्या. ही कसली खूण? निळ्या संघाच्या मुलींनी आपल्या शिक्षिकेकडे पाहिलं. शिक्षिकेला ती माहीत नव्हती, पण मुलींसमोर तसं कसं म्हणणार? "न्यू रूल," त्या शांतपणे म्हणाल्या. "स्टँड स्टिल."

पुन्हा तीन शिट्ट्या झाल्या, पुन्हा तेच. या वेळी दोन्ही संघ जागच्या जागी उभे राहिले. तिसऱ्या फेरीला तर दीनानाथांनीही आपल्या बाजूला तीच खूण केली. नवं परिपत्रक आपल्या वाचनातून सुटलं की काय, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती. त्यांनी बटण डावीकडे फिरवलं. त्यांच्या घरची शेगडी वेगळी असावी.

नीलिमाताईंना यातलं काहीच कळत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मुली किती शिस्तीच्या आहेत.

मध्यंतराच्या थोडं आधी पांढऱ्या संघाच्या कर्णधार मुलीने हात वर केला. "मॅम, हाउ लाँग मस्ट वी वेट?"

नीलिमाताईंचं सगळं लक्ष चेंडूकडे होतं. पंचवीस वर्षं त्या प्रश्नाचं जे उत्तर त्या देत आल्या, तेच त्यांच्या तोंडून निघालं. "अंटिल द प्रेशर गोज."

मुलीने गंभीरपणे मान हलवली आणि सगळ्यांना सांगितलं, "प्रेशर मस्ट गो फर्स्ट." चौदा मुली डोळे मिटून श्वास सोडू लागल्या. जिने धक्का दिला होता आणि जिला बसला होता, त्या दोघी शेजारी उभ्या राहून प्रेशर घालवत होत्या.

तेव्हा नीलिमाताईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून हवेत, बटणावर होता.

 उरलेला सामना त्यांनी उजवी मूठ पाठीमागे आवळून धरून पुरा केला. निर्णय एकही चुकला नाही. पण आता तिसऱ्या शिट्टीला त्या काही करत नव्हत्या तरी मुली थांबत होत्या.

सामना संपल्यावर मिस टिओ पॅड घेऊन आल्या. "दॅट सिग्नल. रूलबुक विच पेज?"

नीलिमाताई बोलायच्या आधीच दीनानाथ म्हणाले, "न्यू सर्क्युलर, आय थिंक." मग हळूच मराठीत, "हो म्हणा ताई. नाहीतर दोन वर्षं गेली. माझीही शोभा होईल."

निळ्या संघाच्या शिक्षिकाही मान डोलावत होत्या. नुसतं 'येस' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. नीलिमाताईंनी मला मुठीत धरलं. 

"नो पेज, मॅडम," त्या म्हणाल्या. "घरी मी तीन शिट्ट्यांनंतर कुकर बंद करते. हात आपोआप गेला. चूक माझी आहे, दीनानाथ सरांची नाही." हे त्यांनी इंग्रजीतच सांगितलं, अडखळत, पण एकही गोष्ट न वगळता.

दीनानाथ आपल्या बुटांकडे पाहू लागले.

मिस टिओंनी विचारलं, "हाउ बिग इज द कुकर?"

"फाइव्ह लिटर."

मिस टिओंनी ते लिहून घेतलं. "रिझल्ट टुमारो," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

नीलिमाताई मेट्रोने परतल्या. स्टेशनवर मुकुलराव आणि मैत्रेयी घ्यायला आले होते. सगळं ऐकून मैत्रेयी हसली नाही. ती म्हणाली, "आई, तू बरोबर केलंस. पण 'येस' म्हणायला पाहिजे होतं, लाह." मुकुलराव म्हणाले, "आज स्वयंपाक राहू दे. हॉकर सेंटरला जाऊ." तिथे नीलिमाताईंनी डाव्या हाताने नूडल्स खाल्ल्या. उजवा त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता.

आता मी त्यांच्या पलंगाशेजारच्या खुंटीला आहे. माझ्या कडेवर त्यांच्या दातांच्या दोन खुणा उमटल्या आहेत, आणि शिट्टीला याहून मोठं सौभाग्य नाही. तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. घरातल्या शिट्ट्या मोजायचं काम एकाच माणसावर टाकू नका. आज तुम्ही मोजा, उद्या मुलांना मोजू द्या. डाळ थोडी कच्ची राहील. मिसेस लिम यांच्यासारखी माणसं तीही खातात.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी निकाल आला. चाळीसपैकी अठ्ठावीस गुण लागत होते. नसलेली खूण केल्याबद्दल दोन गुण कापून नीलिमाताईंना अठ्ठावीस मिळाले होते आणि पंच म्हणून त्यांची नोंदणी झाली होती.