मावशींचे पाच थर्मास

आमच्या मोज्यांच्या कारखान्यात निरोपाचं भाषण माझ्याकडे असतं. युनियनचा सेक्रेटरी मी, शिवाय माईक हातात आला की सोडत नाही अशी ख्याती. पण एकाच बाईला पाच वेळा निरोप देणारा जगात मी एकटाच असेन.

ही बाई म्हणजे जोडखात्यातल्या मावशी. ढिगातून एका मापाचे दोन मोजे नुसत्या बोटांनी हुडकून काढायच्या. हंगामी म्हणून एकोणीस वर्षं सलग आल्या. मग मला त्यांचा कळवळा आला. अर्ज, मोर्चे, उपोषण (सकाळचं खाऊन बसलो होतो, ते सोडा) आणि शेवटी कायदा झाला: इथून पुढे सलग बारा महिने भरले की हंगामी माणूस कायम. मी गळ्यात हार घालून फोटो काढून घेतला. तो अजून युनियनच्या खोलीत आहे, माझ्याच टेबलासमोर.

मॅनेजरनेही कायदा वाचला, माझ्यापेक्षा नीट. अकरा महिने झाले की मावशींना निरोप, महिनाभर घरी, मग पुन्हा नवी नेमणूक. निरोप म्हटला की माझं भाषण आलं आणि कंपनीचा थर्मास आला. तिसऱ्या वेळी तर मी भाषणात खरंच रडलो. महिन्याने मावशी फाटकात दिसल्या तेव्हा कुठे तोंड लपवू असं झालं.

चौथ्या थर्मासनंतर मी पेटलो. ही पळवाट बुजवायचीच! पुन्हा अर्ज, पुन्हा मोर्चे. कायद्यात दुरुस्ती झाली: इथून पुढे सहा महिन्यांच्या आत परत घेतलं तर नोकरी सलगच धरायची. मी धावत जोडखात्यात गेलो.

"मावशी, महिनाभर घरी बसवायचा खेळ संपला!"

"मग आता किती महिने बसायचं?" त्यांनी मोज्यांवरची नजर न काढता विचारलं.

मी हसलो. यांना कायद्यातलं काय कळतं, असं मनात म्हणालो. आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मावशींशिवाय महिनाभर कसंबसं निभायचं, पण सहा महिने कोण थांबणार? मॅनेजरने त्यांच्या जागी दुसरी बाई ठरवली, अर्थात अकरा महिन्यांसाठी. मावशी छप्पन्न वर्षांच्या, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार? मी मॅनेजरच्या पाया पडायचा तेवढा बाकी होतो.

"माझी कुठे ना आहे?" तो म्हणाला. "तुमचाच कायदा आडवा येतो."

पाचव्या निरोपाला माईक हातात घेतला आणि लगेच परत देऊन टाकला. तसाच खाली बसलो. मावशी थर्मास काखेत मारून माझ्यापाशी आल्या.

"धीर सोडू नका, मावशी," मी घाईघाईने म्हणालो. "उद्याच नवा अर्ज टाकतो. तुमच्यासाठी मी..."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "भाऊ, इतक्या वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज एक मागू?"

"मागा ना!"

"माझ्यासाठी आता काही करू नका."