हाकेला ओ नाही

“या खटल्यात हाक तुम्ही मारायची नाही,” रजिस्ट्रार मॅडम म्हणाल्या. “त्या दिवशी रजा घ्या. मी दुसरा शिपाई बोलावते.”

मी हातात पुढच्या सत्राचा कागद घेऊन उभा होतो. राज्यातल्या सगळ्यात वरच्या कोर्टापुढे येत्या सत्रात कायद्याचे कोणकोणते प्रश्न येणार, ते छापून येतं आणि दाराबाहेरच्या काचेच्या पेटीत मी ते लावतो. नदीचं पाणी कोणाचं, शाळेची जमीन कोणाची, असले प्रश्न. आजवर मी ते वाचायच्या भानगडीत पडलो नव्हतो. आपल्याला काय करायचंय! या खेपेला मात्र वाचलं आणि जागच्या जागी खिळलो. बेपत्ता माणसाच्या घरी फोन आला, पण पलीकडून कोणी बोललंच नाही, तर त्या माणसाची खबर लागली असं धरायचं की नाही?

बेपत्ता माणूस म्हणजे माझा दादा. फोन येतो तो आमच्या आईला. आणि ‘नाही धरायचं’ म्हणून कोर्टात गेलेली बाई म्हणजे माझी वहिनी.

दादा केस कापायला म्हणून गेला होता. दुपारची वेळ. “आलोच” म्हणाला. न्हावी शपथेवर सांगतो की दादाने केस कापून घेतले, आरशात बघून “लग्नातसुद्धा इतका बरा दिसलो नव्हतो” म्हणाला आणि निघाला. दुकान ते घर म्हणजे एक वळण. त्या वळणावर माणूस कुठे गेला, ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही. पोलीस झाले, जाहिराती झाल्या, ओळखीपाळखीच्यांची घरं पालथी घालून झाली. मला तेव्हापासून एक खोड लागली आहे. गर्दीत कोणाची ताजी कापलेली मान दिसली की मी पुढे जाऊन त्याचं तोंड बघतो. लोक वैतागतात. वैतागू देत.

कायदा असा आहे की इतकी इतकी वर्षं माणसाची त्याच्या घरच्यांना काहीच खबर नसेल, तर तो वारला असं धरतात. खालच्या कोर्टाने तसं धरलं. आई अपिलात गेली आणि म्हणाली, खबर आहे, तो फोन करतो. वर्षातून एखाद-दोनदा आमच्या बोळकंडीतला फोन वाजतो, पलीकडे कोणी बोलत नाही, आणि आई उभ्या उभ्या त्याला घरातलं सगळं सांगत बसते. जेवलास का, थंडी आहे का तिकडे, तुझा भाऊ जाडा झालाय. वकिलांनी नंबर काढले, तर दरवेळी वेगळ्याच गावातला सार्वजनिक फोन. मी एकदा उचलला होता. आत श्वास होता की नुसती खरखर, देव जाणे. मी घाबरून ठेवून दिला. आईला ते अजून सांगितलेलं नाही.

मधल्या कोर्टाने आईचं ऐकलं, म्हणून वहिनी वर आली. वर म्हणजे माझ्याच कोर्टात.

आता हाकेचं सांगतो. आमच्या कोर्टाचा एक जुना रिवाज आहे. माणूस आहे की नाही असा वाद असला, की सुनावणीआधी शिपायाने बाहेरच्या लांब व्हरांड्यात जाऊन त्याच्या पूर्ण नावाने तीन हाका मारायच्या. थांबायचं. मग आत येऊन साहेबांना सांगायचं, “हाकेला ओ नाही, साहेब.” नवे वकील फिदीफिदी हसतात. मला ते भोंगा म्हणतात, कारण माझी हाक रस्त्यापलीकडच्या स्टँडपर्यंत जाते. मीसुद्धा कितीदा तोंडातली सुपारी गालात सारून अशा हाका मारल्या आहेत. कोणा कोणाच्या घरच्या माणसांना, हसत हसत. आता आठवलं की लाज वाटते.

घरी जाऊन सांगितलं की हाक दुसरा मारणार. दोघी स्वयंपाकघरात होत्या. आई भाजी निवडत होती, वहिनी चुलीपाशी. एकमेकींविरुद्ध खटला आणि एकाच ताटातली भाजी, असं आमचं चाललेलं. लोकांना वाटायचं आमच्याकडे रोज भांड्याला भांडं लागत असेल. तसं काही नाही. दोघी वकिलाकडे वेगवेगळ्या जायच्या आणि येताना एकत्र बसने यायच्या.

“दुसरा कोण?” आई म्हणाली. “परक्याच्या हाकेला तो ओ देईल होय? लहानपणापासून तसा. तूच मारायचीस.”

“भावोजी, तुम्हीच मारा,” वहिनीही म्हणाली. “तुमचा आवाज ते कुठूनही ओळखतील. दुसऱ्या कोणी मारली, तर मला जन्मभर वाटत राहील, आवाज पोचला नसेल.”

माझी वहिनी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तिथल्या औषधांच्या खिडकीवरच्या माणसाने तिला लग्नाचं विचारलं आहे. बायको वारलेला, सरळ माणूस. तिने हो म्हटलेलं नाही आणि नाहीही. “मी कोणाची कोण आहे, ते आधी मला कोणीतरी सांगा,” असं ती मला एकदा जिन्यात म्हणाली होती. “लग्नाची म्हणावं तर नवरा नाही. विधवा म्हणावं तर तुमच्या आई अंगावर येतात. मी थकले हो.” मला वहिनी सुटायला हवी होती आणि दादा मरायला नको होता. दोन्ही एकदम कसं व्हायचं?

हाक मीच मारावी असं दोन्ही बाजूंनी लेखी दिलं, तेव्हा मॅडमचा नाइलाज झाला.

सुनावणीच्या दिवशी दोघी एकाच बसने आल्या. आईची पिशवी वहिनीच्या खांद्याला. वकिलांनी त्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं, तर आई थोड्या वेळाने उठून वहिनीशेजारी येऊन बसली. म्हणे, तिकडे पंखा नाही.

साहेबांनी मान हलवली आणि मी व्हरांड्यात आलो. नेहमीची गर्दी. घसा साफ केला आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. दादाचं नाव मी आयुष्यात कधी मोठ्याने घेतलेलंच नव्हतं. थोरल्या भावाला नावाने कोण हाक मारतं? नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकदा हाक मारली. भिंतीवरून आवाज फिरून आला आणि मला तो कोणा तिऱ्हाइताचा वाटला. दुसऱ्यांदा मारली. लोकांनी वळून पाहिलं आणि परत आपापल्या कामाला लागले.

तिसऱ्या वेळी तोंड उघडलं आणि आतून निघालं, “दादा!”

कसं निघालं, मला ठाऊक नाही. लहानपणी पोरं मला मारायची आणि मी गल्लीतून ओरडायचो, तसंच निघालं. व्हरांडा एकदम गप्प झाला. टाइपरायटरसुद्धा थांबला. आणि व्हरांड्याच्या पार टोकाला एक माणूस वळला. उंची तीच. मान ताजी कापलेली. तो माझ्याकडे बघत सरळ चालत आला. मला पुढेही जाववेना आणि मागेही.

“कॅन्टीन कुठे हो?” त्याने विचारलं.

मी हाताने दाखवलं.

आत येऊन साहेबांसमोर उभा राहिलो. नेहमीचं वाक्य. हजार वेळा म्हटलेलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. भोंगा बसला. वहिनीच्या वकिलाने उठून सांगितलं की तिसरी हाक नियमाप्रमाणे झाली नाही, नावाने परत मारावी लागेल. त्याचं तरी काय चुकलं!

“नको हो साहेब,” मागून आई म्हणाली. ती बाकाला धरून उठली होती. तिच्या वकिलाने बसा बसा म्हणून हात केला, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “परत नको. नावाने मारली तेव्हा मला वाटत होतं, असेल कुठेतरी, येत नसेल. हट्टी आहे. पण हा ‘दादा’ म्हणून ओरडला. हा असा ओरडला की तो भरल्या ताटावरून उठून धावायचा. तापात होता तरी धावला होता. माझ्या हाकेला नसता आला, बायकोच्याही नसता आला. याच्या हाकेला आला असता. असता तर आला असता.”

मग माझं वाक्य तिनेच म्हटलं.

“हाकेला ओ नाही, साहेब. लिहून घ्या.”

रडली ती वहिनी. जिंकली होती आणि हमसून हमसून रडत होती. आईने पिशवीतून रुमाल काढून तिच्या हातात कोंबला. “आता काय रडतेस? तुलाच हवं होतं ना?” म्हणाली, आणि मग तिचीही हनुवटी थरथरायला लागली.

साहेब म्हणाले, या घरापुरता वाद मिटला, पण अशी घरं पुष्कळ आहेत, तेव्हा फोनचा प्रश्न कोर्ट पुढच्या सत्रात ऐकणारच. म्हणजे तो कागद परत मीच लावणार.

दिवेलागणीला आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आणि बोळकंडीतला फोन वाजला.

माझा घास हातातच राहिला. वहिनीने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली आणि ताटातलं मीठ बोटाने उगाच इकडचं तिकडे केलं.

“तू उचल,” ती वहिनीला म्हणाली.

वहिनी गेली. आम्हाला तिची पाठ दिसत होती. “हॅलो,” म्हणाली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. शेवटी अगदी हळू, वॉर्डात एखाद्या पोराला निजवताना बोलावं तसं म्हणाली, “आम्ही जेवायला बसलोय. ठेवते हं.”

फोन ठेवून ती त्याच्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

“कोण होतं?” मी विचारलं.

“कोणी बोललं नाही, भावोजी.”

आईने वहिनीचं ताट जरा जवळ ओढून घेतलं आणि वर झाकण ठेवलं.

“ये गं,” ती म्हणाली. “गार होतंय.”