शिवमच्या आई

नवरा-बायकोचं मोडलं की निकाल कोर्टात लागतो, पण शंका घरोघर फिरत राहतात. सीमाचं तसंच झालं. शिवमचा ताबा अकोल्याला त्याच्या बापाकडे, गोपालकडे, गेला तो तिच्याच संमतीनं. पोराची शाळा मोडू नये, अमरावतीला कोचिंग क्लासच्या ऑफिसात दिवसभर राबणाऱ्या बाईच्या एका खोलीत त्याला कोंडू नये, म्हणून तिनं सही केली होती. पण त्या सहीनं आपण नेमकं काय काय देऊन बसलो, हे तिला कोणी धड सांगेना.

वकील रामराव म्हणाले, "ताबा दिला ना बाई तुमी, आईपण थोडंच कोर्टात जमा केलं? शाळेत जायची मनाई कुठीसा लिहिली आहे? जा अन् बिनधास्त विचारा." वरूडहून आईचा फोन आला, "काहून जातं तिथं? उगा तमाशा होईन." क्लासमधली अपेक्षा तर म्हणाली, हाकललं तर सरळ पोलिसात जा. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं, हे म्हणायला ठीक आहे. पण मनच जागेवर नसलं तर करावं कोणाचं?

बरं, गप्प बसूनही भागत नव्हतं. संक्रांतीपासून शिवम रविवारच्या फोनवर बोलेनासा झाला होता. आधी पोरगं शाळेतलं इतकं सांगायचं की सीमाचा कान तापायचा. आता शाळेचं नाव काढलं की "ठीक आहे," आणि फोन बंद. कोणी मारतं का त्याला? अभ्यास जमत नाही? की आईच नकोशी झाली? मार्चमधल्या एका शनिवारी ती अकोल्याच्या बसमध्ये बसली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं दोनदा उतरून परत जायचं ठरवलं, आणि दोन्ही वेळा बसून राहिली.

शाळा लहान होती. याच वर्षी बदलून आलेल्या मुख्याध्यापिका काळमेघ मॅडम चौथीचा वर्गही स्वतःच घेत.

"मी शिवमची आई," सीमा म्हणाली. "शिवम गावंडे. चौथीतला. तो कसा आहे, एवढंच विचाराचं होतं."

मॅडमनी चष्मा काढून तिला नीट न्याहाळलं.

"शिवमच्या आई तं संक्रांतीपासून दर सभेले येतात. तवाच्या हळदीकुंकवाले मीच त्याइले वाण दिलं. तुमी कोण?"

गोपालनं दुसरं लग्न केलं? आणि आपल्याला कोणी सांगितलंही नाही? तिनं कसंबसं आपलं सगळं सांगितलं: कोर्ट, ताबा, अमरावती, रविवारचा फोन. सांगताना तिला स्वतःलाच ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटत होतं.

"हे पाहा," मॅडम नरमाईनं म्हणाल्या, "आई असाल तं सगळं सांगीन. वेगळ्या झाल्या म्हणून आईले नाही म्हणणारी मी कोण? पण खात्री तं करू द्या. उद्या कोणीही येईन अन् लेकरू माहं म्हणीन." तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. "ह्या पाहा, आल्याच शिवमच्या आई!"

शाळा सुटायच्या वेळी शिवमला न्यायला आलेल्या दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. गोपालची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून भावाच्याच घरी राहणारी, शिवमला न्हाऊमाखू घातलेली सख्खी आत्या. सीमाला पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, एक मिनिट," म्हणत त्यांनी सीमाला हाताला धरून व्हरांड्यात नेलं.

"मी खोटं नाही बोलली वं सीमा. मी काहीच नाही बोलली." त्यांनी सीमाचा हात अजून सोडला नव्हता. "शाळेत मायांचं हळदीकुंकू होतं. सगळ्याइच्या माया येतात म्हणून पोराचं तोंड उतरलं होतं. तं मी गेली अन् मागं बसली. मॅडमनं 'शिवमच्या आई, या' म्हटलं अन् कुंकवाचं बोट कपाळाकडे आणलं. एवढ्या बायांत कसं सांगू, का मी त्याची माय नाही अन् मले कुंकूबी चालत नाही? मी मागं नाही सरकली. मंग सभेलेबी मीच येत गेली. एवढंच झालं."

सीमाची नजर त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे गेली.

"घराजवळ आली तवा पुसलं," दुर्गाबाई हळूच म्हणाल्या. "रस्ताभर राहू देलं."

अमरावतीपासून सांभाळून आणलेला राग सीमाला आता कुठं ठेवावा कळेना. आपली जागा हिनं घेतली, हे खरं. पण घेतली म्हणावी, की कोणी तिच्या कपाळी लावली म्हणावी? भांडावं तर या बाईशी कसं भांडावं? आणि नाही भांडलं, तर मग आपण इथं कोण?

"शिवम!" आतून मॅडमची हाक आली. दोघी लगबगीनं परतल्या.

शिवम दप्तर घेऊन टेबलासमोर उभा होता. सुटी झालेली वर्गातली पोरं दाराशी घोळका करून डोकावत होती.

"शिवम, ह्या बाई म्हणतात, त्या तुही आई आहेत. मंग ह्या कोण?"

शिवमचे कान लाल झाले. त्यानं आईकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. संक्रांतीपासून हे पोरगं वर्गात काय सांगत आलं असेल आणि फोनवर शाळेचं नाव काढलं की का गप्प होत असेल, ते सीमाला तिथं, त्या लाल कानांकडे पाहून उमगलं. खरं बोललं तर आत्याची सगळ्यांसमोर शोभा होणार, आणि ते स्वतः दोस्तांत खोटारडं ठरणार.

"चूक झाली मॅडम," सीमाच्या तोंडून निघून गेलं. "मी मावशी. अमरावतीची मावशी."

मॅडम गोंधळल्या आणि मग चिडल्या. "मंग आई काहून म्हटलं? मावशीले आमी काही सांगत नसतो बाई. आई-बापाचं अलग असते."

सीमानं पर्स उचलली. जो हक्क मागायला एवढ्या लांब आली, तो तिनं स्वतःच्या तोंडानं बुडवला होता. बरं केलं की वाईट, तिला काही म्हणता काही समजत नव्हतं. रडू मात्र येत होतं.

"मॅडम, ती खोटं बोलून राहिली."

शिवम बोलत होता. मान खालीच होती, पण आवाज दारातल्या पोरांपर्यंत जात होता.

"मले मावशी नाहीच. ती आई हाय माही. अन् ही आत्या हाय. आत्याले मीच म्हटलं होतं, कोणाले सांगू नको म्हणून."

पोरांत कुजबुज झाली. मॅडमनी उठून दार लावलं आणि परत येऊन खुर्ची पुढं केली.

"बसा, शिवमच्या आई."

सीमा बसली. सवयीनं दुर्गाबाईही बसायला वाकल्या आणि मध्येच थबकल्या. सीमानं त्यांना हात धरून शेजारी बसवलं. काय काय विचारायचं ते बसमध्ये तिनं घोकलं होतं. त्यातलं आता एकही आठवेना.

"वर्गात बोलते का हो तो? हसते का?"

"हसते ना! त्या मागच्या बाकावरच्या पोरासोबत तं..." मॅडमच्या आधी दुर्गाबाईच सांगू लागल्या.

"अक्का," सीमानं डोळे पुसत त्यांचा हात दाबला, "मॅडमले सांगू द्या. मले शाळेतूनच ऐकू द्या."