रजिस्ट्रारनेच उघडावे

कस्टमात जन्म घालवलेल्या माणसाला सरकार पेन्शन देते, पण त्याचा संशय परत मागून घेत नाही. आप्पा नागवेकर रत्नागिरी बंदरावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडून बिल्ला, गोदामाच्या किल्ल्या आणि लाखेचा सरकारी ठसा रीतसर जमा करून घेण्यात आला. संशय जमा करण्याच्या वस्तूंत नव्हता. तो आप्पांनी घरी आणला.

त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. गोव्याकडून येणाऱ्या गलबतांवर दारू कुठे कुठे सापडते हे ज्याने पाहिले, त्याचा जगावरचा विश्वास उडायचाच. आप्पांनी ती लोणच्याच्या बरणीत पकडली होती, अखंड दिसणाऱ्या नारळांत पकडली होती, आणि एकदा एका भजनी मंडळाच्या मृदंगात पकडली होती. बुवांनी "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत मृदंग पुढे केला आणि तो हातात डुचमळला. त्या दिवसापासून कोणी देवाचे नाव घेतले की आप्पा आधी त्याच्या सामानाकडे बघत.

असे असताना एकतीस सालच्या मे महिन्यात त्यांचा मुलगा विश्राम नागपूरहून आला आणि पायावर पाणी घेता घेता म्हणाला, "आप्पा, पुढचं कॉलेज मुंबईला."

विश्राम दोन वर्षे नागपूरला मामाकडे राहून नुकताच इंटर पास झाला होता.

"का?" आप्पा म्हणाले.

"मामाची बदली झाली मुंबईला. मग नागपुरात राहू कुठं?"

"मामाची बदली झाली ते समजलं. का झाली?"

"पोस्टात बदल्या होतात, आप्पा."

"होतात. पण एका गलबताला दोन बंदरं कशाला लागतात, हे मी जन्मभर विचारत आलोय. पहिल्या बंदरात सगळं सुरळीत होतं, तर तिथंच का नाही थांबलं? पहिल्या बंदरात काहीतरी घडलेलं असतं."

"ओ, पोराला आधी जेवू तरी द्या," आतून आनंदीबाई म्हणाल्या. "मग करा काय ती झडती."

झडती जेवणानंतर ओटीवर झाली. विश्रामने शांतपणे समजावून सांगितले. एका युनिव्हर्सिटीतून दुसरीत जायचे तर जुन्या कॉलेजचा दाखला लागतो. जुन्या युनिव्हर्सिटीचे मायग्रेशन सर्टिफिकेट लागते. शिवाय तिथल्या रजिस्ट्रारने सीलबंद पाकिटात घालून दिलेले मार्क लागतात, आणि ते पाकीट इथल्या रजिस्ट्रारपुढे तसेच्या तसे ठेवावे लागते. मग मुंबईवाले ठरवतात की नागपूरची इंटर आपल्या इंटरच्या बरोबरीची धरायची की नाही.

"म्हणजे नागपूरचा इतिहास वेगळा असतो काय? तिथं पानिपत आपण जिंकलो?"

"इतिहास तोच. पण त्यांनी तो किती शिकवला, हे यांना बघायचं असतं."

"म्हणजे यांचा त्यांच्यावर विश्वास नाही."

"तसंच म्हणा."

आप्पांना युनिव्हर्सिटीविषयी पहिल्यांदाच थोडा आदर वाटला.

"आणि टर्म भराव्या लागतात," विश्राम म्हणाला. "वर्गात हजेरी पुरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत."

"म्हणजे नुसतं हुशार असून भागत नाही, दिसावंही लागतं." ही अट तर आप्पांना फारच पटली. "आणि नागपूरची इंटर नाही धरली तर?"

"तर इंटर पुन्हा." विश्रामचा आवाज जरा खाली आला. "मग बी. ए. होत नाही, आप्पा. मामा दोन वर्षांनी रिटायर होऊन गावी येणार. मुंबईत माझा पाय तोवरच. ज्युनिअर आणि सीनिअर, दोन वर्षांत दोन्ही बसतात. तिसरं वर्ष कुणाकडं काढू?"

आप्पांनी मान डोलावली आणि प्रवेशाचा फॉर्म चष्मा लावून वाचायला घेतला. फॉर्मात एक प्रश्न होता: उमेदवारास पूर्वी कोणत्या कॉलेजातून काढून टाकले होते काय? तिथे त्यांचे बोट थांबले. जगात कोणताही प्रश्न आपल्या आपण छापला जात नाही, हे त्यांना ठाऊक होते. कुणीतरी काहीतरी केले म्हणूनच तो छापतात. ते कुणी केले, एवढाच मुद्दा होता.

पुढचे काही दिवस आप्पांनी विश्रामला तसे काही बोलून दाखवले नाही. फक्त तो हसला की कशाला हसला, आणि गप्प बसला की कशाला गप्प बसला, याची मनात नोंद ठेवली. पोरगा दोन वर्षांत उंच झाला होता, सकाळी कसरत करू लागला होता, आणि आईला "थँक्यू" म्हणाला होता. यातली एकही गोष्ट गुन्हा नव्हती. पण मृदंगही काही गुन्हा नव्हता.

विश्राम चिपळूणला मित्राकडे गेला होता, त्या दिवशी टपालवाल्याने नागपूरचे रजिस्टर पाकीट आणले. आप्पांनी सही करून घेतले. जाडजूड पाकीट, पाठीवर लाखेचे लालभडक टिकले, आणि पुढे इंग्रजीत ठळक छापलेले: रजिस्ट्रारनेच उघडावे.

आप्पांनी ते नीट वाचले. कुणी असे म्हणू नये की त्यांनी वाचले नाही. पण बंदरावर ज्या खोक्यावर "उघडू नये" लिहिलेले असे, ते आप्पा सगळ्यांत आधी उघडत, आणि त्यांची ही पद्धत कधी वाया गेली नव्हती. त्यांनी सुरी घेतली, लाखेचा एकही टिकला न फोडता वरची कड सरळ कापली, आणि आतला कागद काढून अथपासून इतिपर्यंत वाचला.

सेकंड क्लास. हजेरी पूर्ण. काढून टाकल्याचा उल्लेख नाही. वर्तणूक: समाधानकारक.

आप्पा त्या शेवटच्या शब्दावर अडले. कस्टमात ज्या मालाकडे कुणी ढुंकून पाहिलेले नसे, त्याच्यापुढे सगळे कारकून "समाधानकारक" असेच लिहीत. ते स्वतःही लिहीत. तेव्हा संशय काही गेला नाही. पण कागद कागदाच्या जागी ठीक होता, आणि आप्पा न्यायी माणूस होते. त्यांनी कागद आत घातला, कापलेली कड खळीने चिकटवली, देव्हाऱ्यातल्या समईवर लाख वितळवून वर ओतली, आणि सरकारी ठसा जमा झालेला असल्याने एका तांब्याच्या पैशावरचे बादशहाचे डोके तिच्यात दाबले. खाली रिवाजाप्रमाणे लिहिले: "उघडून तपासले. बरोबर आहे. भि. रा. नागवेकर, निवृत्त कारकून, कस्टम, रत्नागिरी."

विश्राम आल्यावर त्यांनी पाकीट स्वतः त्याच्या हातात दिले. "तपासलंय. काही अडचण नाही."

विश्रामने पाकीट बघितले. मग तो पायरीवर खाली बसला.

"आप्पा, हे कशाला फोडलंत?"

"परत बंद केलंय की. सही आहे खाली."

"तेच तर! आता हे कोण घेणार? आतले मार्क बदललेत असं म्हणतील ते!"

"मी बदलीन? माझी सही आहे!"

आनंदीबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय झाला रे?" विश्रामने सांगितले. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. "ओ, पोराच्या पाकिटात काय असणार होता? काजूची दारू?"

दुसरे पाकीट मागवता येईल, असे आप्पांनी सुचवून पाहिले. विश्राम म्हणाला, मिळते, पण पहिले हरवल्याचे लिहून द्यावे लागते. आणि हे हरवलेले नव्हते. हे हातात होते.

"मग हरवला म्हणून लिवा," आनंदीबाई म्हणाल्या. "मी आत्ता चुलीत घालते. झाला."

"खोटं लिहायचं?" आप्पा ताडकन उठले. "नागवेकरांच्या घरातून? युनिव्हर्सिटीला?"

"फोडायला बरे सोकावलात, आणि हरवायला लाजता!"

शिवाय पावसाळ्यासाठी आगबोट बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. नागपूरला पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत समुद्र खवळला असता. शेवटी विश्रामच म्हणाला, "एक मार्ग आहे. जे घडलं ते कोर्टात प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं. तुम्ही."

दुसऱ्या दिवशी बापलेक कोर्टाच्या कचेरीत गेले. शिरस्तेदार सोहनी आप्पांना ओळखत होते. ओळखत होते म्हणूनच त्यांनी खुर्ची दिली आणि लेखणी उचलली.

"हं, बोला नागवेकर. पाकीट कोणी फोडलं?"

"मी."

"कारण?"

"सवय."

"सवय हे कारण होत नाही. लिहिता येणार नाही. संशय होता?"

आप्पांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे न बघता सांगितले, "होता."

"कशाचा?"

"ते ठरलं नव्हतं."

सोहनींनी चष्म्यावरून पाहिले. "आतून काय काढलंत?"

"काहीच नाही."

"मग काय घातलंत?"

"काहीच नाही! मी सांगतोय ना!"

"सगळे असंच सांगतात, नागवेकर," सोहनी थंडपणे म्हणाले. "काही काढायचं नाही, काही घालायचं नाही, तर माणूस उघडतो कशाला?"

हाच प्रश्न आप्पांनी स्वतः गलबतांवरच्या किती तांडेलांना आणि व्यापाऱ्यांना विचारला होता. त्यांतले काही चोर होते. पण काहीजण नुसतेच घाम पुसत उभे राहत, आणि तो घामही आप्पा पुराव्यात धरीत. आत्ता त्यांना घाम आला होता. त्यांनी तो पुसला नाही.

सोहनींनी मजकूर लिहून काढला आणि वाचून दाखवला. मुलावर संशय आल्यावरून पाकीट फोडले, मजकूर जसाच्या तसा ठेवून बंद केले, इत्यादी. कचेरीतले दोन पट्टेवाले आणि एक कूळ मन लावून ऐकत होते. संध्याकाळपर्यंत हे खाडीकाठच्या राजिवड्यापर्यंत पोचणार, याबद्दल आप्पांना तिळमात्र संशय नव्हता.

"आता शेवट," सोहनी म्हणाले. "तपासणीअंती संशय निराधार ठरला, असं लिहू ना? शपथेवर आहे हो. विचार करून सांगा."

कचेरीत पंखा ओढणारा तेवढा हलत होता. आप्पांना तो शब्द आठवला, समाधानकारक. कागदावरून त्यांची खात्री झालेली नव्हती, आणि शपथेवर खोटे त्यांनी कधी सांगितले नव्हते. त्यांनी पहिल्यांदाच वळून विश्रामकडे पाहिले. पोरगा त्यांच्याकडे बघतही नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. तोही तो पुसत नव्हता.

"नाही म्हणालात तर तसंही लिहितो," सोहनी म्हणाले.

"लिहा," आप्पा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "निराधार ठरला. लिहा. पण कागदावरून ठरला असं लिहू नका."

"मग कशावरून?"

"ते लिहायची गरज नाही."

शेवटच्या आगबोटीच्या दिवशी बंदरावर गर्दी होती. आगबोट बाहेर नांगर टाकून उभी, आणि माणसे सामान घेऊन तिथवर नेणाऱ्या होडीत, पडावात, चढत होती. विश्रामने कोटाच्या खिशातून ट्रंकेची किल्ली काढली आणि आप्पांच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"बघून घ्या. मग मुंबईपर्यंत मला स्वस्थ बसता येईल."

आप्पांनी किल्ली मुठीत धरली. पडाववाला ओरडत होता. त्यांनी किल्ली परत केली, ट्रंक स्वतः उचलून पडावात ठेवली, आणि ठेवता ठेवता तिचे वजन मात्र हाताने पाहिले.

मग पाऊस लागला आणि टपाल घाटातून कसेबसे येऊ लागले. जून संपत आला तेव्हा विश्रामचे पाकीट आले. वर ठळक अक्षरांत लिहिले होते: आईनेच उघडावे.

आनंदीबाई शिरगावला बहिणीकडे गेल्या होत्या. आप्पांनी पाकीट कंदिलाशेजारी ठेवले. मग आतल्या खोलीत नेऊन ठेवले. मग तिथे ओल आहे असे वाटून पुन्हा बाहेर आणले. आणताना ते उजेडासमोर आले, पण त्याला इलाज नव्हता. मुलाचे वर्ष राहिले की बुडाले, ते त्या पाकिटात होते. सुरी कोनाड्यात होती. आप्पा दुपारभर झोपाळ्यावर बसून राहिले आणि सुरीकडे पाठ केली.

तिन्हीसांजेला आनंदीबाई निथळत आल्या. "अगो बाई, पत्र! मग फोडला का नाहीत?"

"वर लिहिलंय."

त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिले, लाख नाही, कड कापलेली नाही. मग नवऱ्याकडे पाहिले. "बरा वाटत नाही काय तुम्हाला?"

त्यांनी केसातला आकडा काढून पाकीट फोडले आणि कागद त्यांच्यापुढे धरला. "आता वाचा. मला थोडाच वाचता येता?"

विश्रामने लिहिले होते की इंटर बरोबरीची धरली आणि ज्युनिअर बी. ए.त नाव लागले. युनिव्हर्सिटीतल्या हेडक्लार्कने आप्पांचे प्रतिज्ञापत्र दोनदा वाचले, पाकिटावरची सही शेजारच्या टेबलावर दाखवली, आणि म्हणाला की मार्क बदलणारा माणूस खाली आपलं नाव आणि हुद्दा लिहून जात नाही. खात्रीसाठी त्याने नागपूरला विचारून घेतले, ते जुळले.

आनंदीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आप्पा पत्र हातात घेऊन तसेच बसले होते.

"आता काय राहिला?" आनंदीबाईंनी विचारले.

"नाव लागलं ते बरं झालं," आप्पा म्हणाले. "पण फोडलेलं पाकीट घेतात म्हणजे काय? कोण आहे हा हेडक्लार्क?"