जरा म्हणजे किती

तिला सगळे शिवणबाई म्हणत. उभा जन्म कपडे शिवण्यात गेला, शेवटची काही वर्षं भरतकामाच्या संगणकी यंत्रावर गेली, आणि आता तिनं परदेशी जायचं मनावर घेतलं होतं. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या मुलांना घरच्या भाषेतून प्रोग्रॅमिंग शिकवायचं: पडद्यावर चित्रं पळवायची, गाणी वाजवायची, गोष्टी रचायच्या. काम बिनपगारी. जागा तीन, इच्छुक चार.

त्या दिवशी चाचणी होती. या चौघांना तयार करणारा मास्तर डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं घालून दाराशी उभा राहिला. खोक्याला डोळ्यांची भोकंसुद्धा नव्हती.

"मी यंत्र. सांगाल तेवढंच करीन. टेबल चुकवून मला फळ्यापाशी न्या आणि खाली पडलेला खडू उचलायला लावा. प्रत्येकाला दोन संधी."

तिघांचं झालं. पोस्टातून निवृत्त झालेल्या टपालकाकांनी तर पत्ता वाचावा तसं घडाघडा सांगून टाकलं. मग शिवणबाई उठली.

"जरा पुढे ये, बाळा."

खोकं ढिम्म.

"अरे, जरा पुढे!"

"जरा म्हणजे किती?" आतून घुमल्यासारखा आवाज आला.

"जरा म्हणजे जरा!"

"बाई, यंत्राला लाडीगोडी कळत नाही," टपालकाका म्हणाले.

"तुम्ही जरा गप्प बसा हो!"

सगळे हसले. पहिली संधी गेली.

शिवणबाई खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. गिऱ्हाइकं यायची, म्हणायची, जरा सैल ठेवा, जरा आखूड करा. किती, ते कुणी सांगितलं नाही. कात्रीला तरी कुठं जरा कळतं? एकदा चालली की चालली. म्हणून तिनंच ठरवून टाकलं होतं: जरा म्हणजे दोन बोटं.

ती पुन्हा उठली.

"ऐक रे. मी जरा म्हटलं, की दोन पावलं. कळलं?"

"कळलं."

"जरा पुढे. उजवीकडे वळ. जरा पुढे. डावीकडे वळ. जरा पुढे. जरा पुढे."

टेबल मागे राहिलं. खोकं फळ्यासमोर, खडू पायाशी. शिवणबाईचा जीव भांड्यात पडला.

"शहाणा माझा! आता जरा वाक."

यंत्र वाकलं, आणि वाकूनच दोन पावलं चाललं. खोकं फळ्यावर धाडकन आपटलं.

कुणी हसलं नाही. शिवणबाईनं पिशवी उचलली.

मास्तरनं चेपलेलं खोकं काढलं. "कुठं निघालात?"

"चुकलं ना माझं."

"चुकलं. पण एका शब्दाला अर्थ बांधून दिलात, आणि तोच शब्द तुमच्यावर उलटला. हे मी मुलांना तासभर सांगतो, तरी डोक्यात शिरत नाही. तिकडे गेलात की पहिल्या तासाला हेच करा. अगदी असंच चुका." त्यानं कपाळ चोळलं. "खोकं मात्र दुसऱ्या कुणाला घाला. जरा बसा, तुमचे कागद आणतो."

तो गेला. टपालकाका तिच्याकडे झुकले. "जरा म्हणजे किती हो?"

शिवणबाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि दोन बोटं वर केली.