सार्वजनिक उतार

“अंकल, नाव पीछे लो. बिना पास के नहीं उतरेगी.”

रखवालदारानं साखळीवर हात ठेवला. हातगाडीवर पत्र्याची नाव घेऊन श्रीनाथ पुणतांबेकर उतारावर उभा होता. मुलगी मुक्ता मागून गाडी धरून होती. क्षिप्रेच्या या घाटावर नावा सोडायला हा एकच उतार, बाकी सगळ्या पायऱ्या. वीज मंडळात लाइनमन होता तेव्हापासून श्रीनाथ दर पर्वणीला इथून नाव सोडायचा, बुडणाऱ्यांना काढायला. त्याला कुणी नेमलं नव्हतं. गेल्या महिन्यात सहलीच्या मोटरबोटींचा ठेका एका कंपनीला मिळाला आणि उताराला साखळी लागली.

“ढलान सबके लिए बनी है, भैया.”

“साहब से बोलो.”

कंपनीचा साहेब म्हणजे तुषार निघाला, फ्रीगंज मोहल्ल्यातल्या ओळखीच्या जयूचा मुलगा. त्याला पोहायला श्रीनाथनंच शिकवलं होतं.

“काका, समजा ना. वरून ऑर्डर आहे. माझी नौकरी जाईल.”

“अरे, अमावस्येची गर्दी बघ. तुमच्या बोटी सवाऱ्या घेऊन फिरून राहिल्या. कोणी बुडलं तर?”

“लाइफगार्ड आहे ना आमचा.”

“कुठाय?”

तुषारनं इकडेतिकडे पाहिलं. “नाश्त्याला गेला असेल.”

तेवढ्यात खालच्या अंगाला आरडाओरड झाली. डुबकी घेताना एका बाईचा पाय पायरीवरून सुटला होता. जवळच्या मोटरबोटीतले लोक बघायला एका बाजूला धावले, बोट कलली, तशी चालवणाऱ्यानं ती घाबरून लांब नेली.

“साखळी काढ!”

“चाबी ऑफिसात आहे, काका!” तुषार वर पळाला.

श्रीनाथ आणि मुक्ता नाव उचलायला लागले. रखवालदारानंही खांदा दिला. नाव साखळीवरून पलीकडे गेली. पण श्रीनाथ वल्ही मारत पोचला तेव्हा पाणी सपाट झालं होतं. तो बुड्या मारत राहिला. शेवटी हाताला केस लागले.

पायरीवर तो तिची छाती दाबत राहिला, तोंडानं श्वास देत राहिला, मुक्तानं “बाबा, पुरे” म्हणून त्याचे खांदे धरेपर्यंत.

तिच्याबरोबर आगर गावाहून स्नानाला आलेल्या नवऱ्यानं श्रीनाथचे पाय धरले. “आपने बहुत किया, बाबूजी.”

मी इथंच होतो, नाव घेऊन भांडत होतो, हे त्याला सांगायला हवं होतं. श्रीनाथनं त्याचे हात आपल्या पायांवरून सोडवले.

तुषार चावी घेऊन धापा टाकत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “काका, पोलिसांना साखळीचं नका ना सांगू.”

“तुला पोहता येतं ना रे?” श्रीनाथनं विचारलं.

तुषारच्या बुटांना पाणीसुद्धा लागलं नव्हतं.

मुक्तानं आपली ओढणी बाईच्या अंगावर पसरली. ती तोंडावर ओढायला गेली तसा नवरा म्हणाला, “मुँह मत ढँको, दीदी. इसकी माँ देवास गेट पर बस से उतर गई है. आ रही है.”

भोवती माणसं जमली. मोबाइल वर झाले. ऊन थेट बाईच्या तोंडावर येत होतं, माशा बसत होत्या. श्रीनाथ तिच्या उशाशी बसला आणि तिच्या चेहऱ्यावर त्यानं तळहाताची सावली धरली. हात भरून आला, तेव्हा दुसरा धरला.